अमावस्या आपली, पौर्णिमा कोलंबोची

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नाशिक
जिल्ह्यातल्या सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे सभापती, सचिव आणि व्यापारी मंडळी

विषय: येत्या वर्षातले, म्हणजे २०२६ मधले, बाजार समित्यांच्या बंदचे दिवस वर्ष सुरू व्हायच्या आधी कळवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

पिंपळगाव बसवंतला एका दुकानाच्या माडीवर माझं टेबल आहे. कांदा आणि द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या पाच-सहा लहान निर्यातदारांची कागदपत्रं मी करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोचा म्हणजे माल रोग-कीडमुक्त असल्याच्या दाखल्याचा अर्ज, सीएचएशी म्हणजे कस्टमच्या एजंटशी बोलणं, बँकेच्या मागे लागणं, एवढंच माझं काम. कांद्याला मी हातही लावत नाही, पण तो कुठे अडला ते पहिल्यांदा मला कळतं आणि बोलणीही पहिल्यांदा मलाच बसतात.

टेबलासमोरच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं आहेत. एक नेहमीचं, तिथी-वारांचं, ज्यावर आई दुधाचा हिशेब लिहायची तसलं. दुसरं बँकेचं. तिसरं मी दर डिसेंबरात चार्टपेपरवर स्वतः आखते आणि त्यात श्रीलंका, बांगलादेश, मलेशिया, दुबई, हॉलंड यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या स्केचपेनने भरते. वर्ष उजाडायच्या आत ही तिन्ही तयार असतात. चौथ्याची जागा मी गेली कित्येक वर्षं मोकळी ठेवली आहे. ते कॅलेंडर आपल्याच बाजार समित्यांचं. ते कुणी छापत नाही, म्हणून हे पत्र.

आधी गेल्या हंगामातली एक गोष्ट सांगते. कोलंबोच्या एका खरेदीदाराला लाल कांद्याचा कंटेनर जायचा होता. व्यवहार एलसीवर, म्हणजे ठरल्या तारखांत कागद दाखवले की पैसे देऊ या बँकेच्या हमीवर. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, तिला ते पोया म्हणतात. त्या दिवशी बँका बंद, कचेऱ्या बंद, दारूची दुकानंसुद्धा बंद. वर्षाला अशा बारा, एखाद्या वर्षी तेरा. पुढच्या आठवड्यात पोया होती, म्हणून कागद तिच्या आधी तिकडच्या बँकेत पोचतील अशी मी उलटी मोजणी करून ठेवली होती. गुरुवारी लिलावात माल घ्यायचा, रात्रीतून निवड आणि भरणी, शुक्रवारी संध्याकाळी, जहाजाचा माल घेणं बंद व्हायच्या कट-ऑफच्या आत गाडी न्हावा-शेवा बंदराच्या गेटवर. सगळं चोख होतं.

बुधवारी रात्री पावणेदहाला एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. उद्यापासून पुढील सूचना मिळेपर्यंत लिलाव बंद. अर्ध्या तासात शेजारच्या दोन बाजारांतून तसाच निरोप. कारण काय, चूक कुणाची, हमाल-मापाऱ्यांची की व्यापाऱ्यांची, या वादात मी पडत नाही. बाजार मंगळवारी उघडला. तोवर जहाज गेलं होतं.

एलसीचा एक नियम आहे, तो या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते. बँका ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीवर चालतात त्या यूसीपी ६०० च्या २९ व्या कलमात लिहिलंय, की कागद सादर करायची शेवटची तारीख बँकेच्या सुट्टीवर पडली तर ती पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलली जाते. माल चढवायची शेवटची तारीख मात्र सुट्टीमुळे एक दिवसही पुढे जात नाही. म्हणजे कागदाला सुट्टी मान्य आहे, कांद्याला नाही. आमची तारीख गेली. एलसी दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि खरेदीदार ती फुकट थोडीच करून देतो? त्याने दर पाडून घेतला.

त्याच्या ऑफिसातला माणूस फोनवर अगदी सभ्यपणे बोलला. म्हणाला, मॅडम, आमच्या वर्षभराच्या पोया तुम्हाला आम्ही वर्ष सुरू व्हायच्या आधीच पाठवल्या होत्या. तुमचा हा बंद तुम्हाला कधी कळला? आदल्या रात्री कळला हे सांगायची मला लाज वाटली. नेटवर्क नव्हतं, असं काहीतरी बोलले.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई सुट्ट्यांच्या मुळावर उठली आहे. तसं नाही. आपल्याकडे अमावस्येला लिलाव न करण्याची जुनी रीत आहे. अलीकडे ती सुटत चालली आहे, पण पुरती सुटलेली नाही. म्हणजे महिन्यातून एकदा चंद्र नसतो म्हणून इकडे कांदा थांबायचा आणि पंधरा दिवसांनी चंद्र पुरा असतो म्हणून तिकडे पैसे थांबायचे. या दोन तिथींच्या कात्रीत मी वर्षानुवर्षं काम केलंय आणि कधी चकार शब्द काढला नाही, कारण अमावस्या काय नि पौर्णिमा काय, दोन्ही पंचांगात छापलेल्या असतात. छापलेल्या सुट्टीशी माझं भांडण नाही.

हमालांनी, मापाऱ्यांनी सुट्टी घेऊ नये असं म्हणणारा माणूस उन्हाळ्यात एकदा पोत्याखाली उभा करावा. आणि सुट्टी म्हणजे फक्त सरकारी यादीतली, असंही मी मानत नाही. सरकारी यादीत धुळवड आहे, पण नाशिक शहर रंग खेळतं रंगपंचमीला. त्या दिवशी तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, पेशवाईपासूनचा शिरस्ता आहे, आणि जुन्या नाशकात कुणी तुम्हाला पावती फाडून देईल ही आशा सोडावी. बाहेरगावचा माणूस बँकेचं कॅलेंडर बघून रंगपंचमीला बिनधास्त येतो आणि रंगून जातो.

द्राक्षाचं तर विचारूच नका. द्राक्षाच्या तोडणीला पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचे मजूर असतात. त्यांचा खरा सण शिमगा. होळी जवळ आली की टोळ्याच्या टोळ्या गावाकडे निघतात आणि हे बरोबर तोडणीच्या ऐन भरात. बागेत साखर उतरलेली, पॅकहाऊसचं प्री-कूलिंग चालू, रीफर म्हणजे थंड कंटेनर दारात, आणि कात्री धरायला माणूस नाही. पॅकहाऊसमधली बिहारकडची मुलं दिवाळीनंतर छठला जातात, ती वेगळीच. यातलं एकही बँकेच्या कॅलेंडरात नाही. पण कुठलाही शहाणा बागायतदार छाटणीची तारीख धरताना शिमगा कधी आहे ते बघून ठेवतो आणि मुकादमाशी आधीच बोलून घेतो. भाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एक वर्ष ते केलं नाही. घरातली बाई-माणसं, पाहुणे, कॉलेजातला भाचा, सगळ्यांनी मिळून दीड एकर तोडली. त्या भाच्याने नंतर तीन वर्षं द्राक्ष तोंडात घातलं नाही.

तर मुद्दा सुट्टीचा नाही, ती कळण्याचा आहे.

माझ्या चार्टवर येता मार्च मी भरून झालाय. १९ मार्चला गुरुवारी गुढीपाडवा. २१ ला शनिवारी रमजान ईद, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडे-तिकडे. २२ चा रविवार. २६ ला गुरुवारी रामनवमी. २८ चौथा शनिवार, २९ रविवार. ३१ ला मंगळवारी महावीर जयंती. १ एप्रिल बँकांच्या वार्षिक हिशेबाचा. ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर आणि ६ ला सोमवारी युरोपातली ईस्टरचीच सुट्टी. १९ मार्च ते ५ एप्रिल हे १८ दिवस धरले तर नाशिकच्या बँकेत कामाचे दिवस मोजून आठ. तिकडे बांगलादेशात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपला रविवार. म्हणजे ईद नसली तरी दोघांना मिळून आठवड्यात सोमवार ते गुरुवार एवढेच चार दिवस. त्यात हे सगळं बरोबर द्राक्षाच्या हंगामात.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. हे सगळं मला आज, डिसेंबरात माहीत आहे. १९ च्या आधी कुठला कंटेनर निघेल, ईस्टरला रॉटरडॅमच्या शेल्फवर असायचं तर बोट कधी धरावी लागेल, पैसे कधी येतील, सगळं मांडता येतं. उलट काही दिवस असे सापडतात की जीव सुखावतो. २६ मार्चला आपली रामनवमी आणि बांगलादेशाचा स्वातंत्र्य दिन एकाच दिवशी. १४ एप्रिलला इकडे आंबेडकर जयंती, तिकडे श्रीलंकेचं नवं वर्ष. १ मे तर विचारूच नका. महाराष्ट्र दिन, बुद्ध पौर्णिमा, श्रीलंकेची पोया आणि कामगार दिन, सगळं एकावर एक. नोकरदार मंडळी हळहळतात की एक सुट्टी वाया गेली. आमच्या माडीवर त्या दिवसाभोवती मी हिरव्या पेनने गोल केलाय.

पण या मार्चमध्ये एक भला मोठा चौकोन कोराच आहे. मार्चएंडला आपले बाजार किती दिवस बंद राहणार? कुठला कधीपासून? पाच दिवस की आठ? हे मला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळेल, एखाद्या हमालाच्या पोराच्या स्टेटसवरून.

मार्चएंडबद्दल व्यापारी मंडळींना थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. पूर्वी मी समजू शकत होते. बँकांत गर्दी, चेक वठायला दिवस, रोकड मिळायची नाही, आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे द्यायचा नियम. पण एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बाराही महिने चालतं. रविवारी मध्यरात्रीही शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पडतात. वह्या मिटवायला, शिल्लक मोजायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढे घ्याच. बाकीचे दिवस देवदर्शनाचे आणि महाबळेश्वरचे आहेत हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यालाही हरकत नाही! फक्त कधी जाताय ते जानेवारीत सांगून जा.

सुट्टी शेवटच्या क्षणी हलली की काय होतं ते यंदाच्या सप्टेंबरात बघितलं. ईद-ए-मिलाद शुक्रवारी ५ तारखेला होती, दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुका एकमेकींत येऊ नयेत म्हणून मुंबई आणि उपनगरांत ईदची सुट्टी सोमवारी ८ तारखेला नेली, इतर जिल्ह्यांत ती शुक्रवारीच राहिली. हेतू चांगला होता, दोन्ही समाजांच्या सोयीचा होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ते ऐनवेळी ठरलं. परिणाम असा की शुक्रवारी नाशिकची शाखा बंद आणि सोमवारी मुंबईत परकीय चलनाचा बाजार बंद. आमचे डॉलर मध्ये लटकले. एक निर्यातदार काका रोज दोनदा फोन करून विचारायचे, ताई, आज कुणाची सुट्टी? मी म्हटलं, काका, आज आपली नाही पण पैशांची आहे.

चंद्रावर चालणारे सण दरवर्षी सरकतात हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल, पण धंद्यात ते नीट उमजायला मला काही वर्षं लागली. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येतो आणि आता तो हळूहळू द्राक्ष हंगामाच्या सुरुवातीकडे सरकतोय. आपलं पंचांग अधिक महिना घालून मागे खेचतं. येत्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून यंदा २१ ऑक्टोबरला आलेलं लक्ष्मीपूजन पुढच्या वर्षी थेट ८ नोव्हेंबरला जाणार. आणि लक्ष्मीपूजनही सगळीकडे एकाच दिवशी नसतं. यंदा उत्तरेत बहुतेकांनी २० तारखेला केलं, आपण २१ ला. ट्रकचा ड्रायव्हर तिकडचा असला तर त्याची दिवाळी वेगळी, गाडीमालकाची वेगळी आणि मधल्या ट्रान्सपोर्टवाल्याची दोन्ही दिवस!

कायदाही गमतीचा आहे. सरकारी सुट्टी ज्या कायद्याखाली जाहीर होते तो १८८१ चा, हुंड्या-वचनचिठ्ठ्यांचा. त्याच्या २५ व्या कलमात म्हटलंय की हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं समजावं. आणि सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं १० वं कलम म्हणतं, कचेरीत करायच्या कामाची शेवटची तारीख सुट्टीवर आली तर काम दुसऱ्या कामाच्या दिवशी केलं तरी चालेल. म्हणजे द्यायचे पैसे सुट्टीच्या अलीकडे आणि द्यायचा अर्ज सुट्टीच्या पलीकडे. इंग्रज लोक हिशेबाला पक्के. पण बघा, दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनीही एवढं धरूनच चाललं की सुट्टी कधी आहे ते दोघांनाही आधीपासून माहीत असणार.

जिल्हाधिकारी साहेब, वर्षातल्या तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करणं आपल्या हातात असतं. त्या बँकांना लागू नसतात, कोर्टालाही नसतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मलेशियाच्या एका खरेदीदाराला तर आमच्यावर विश्वासच बसेना. तो क्वालालंपूरहून मुद्दाम लिलाव बघायला आला होता. बोली कशी होते, ट्रॅक्टरच्या रांगा कशा लागतात ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने स्वतःच्या देशाच्या सुट्ट्या बघून तिकीट काढलं आणि आमच्या सांगण्यावरून भारताच्याही बघितल्या. रामनवमीच्या आसपासचे दिवस होते. मुंबईहून पहाटे निघून तो बाजाराच्या आवारात पोचला तर तिथे चार शेळ्या, एक झोपलेला वॉचमन आणि पाण्याचा गळका नळ. बंद आदल्या संध्याकाळी ठरला होता.

आता पाहुण्याला दिवसभर करायचं काय? ड्रायव्हर दादा म्हणाले, सप्तशृंगी गडावर नेऊ. निघालो वणीच्या रस्त्याने. नांदुरीला पोलिसांनी थांबवलं. चैत्रोत्सव, खासगी गाड्या वर जाणार नाहीत, फक्त एसटी. हे मात्र दरवर्षीचं आहे, आधीपासून सगळ्यांना माहीत असतं, विसरले ती मी. मग त्या गृहस्थाला आम्ही लाल परीत बसवला. खानदेशातून चालत आलेल्या भाविकांच्या पिशव्या मांडीवर घेऊन तो सप्तशृंगीला गेला, आईचं दर्शन घेतलं, परत येताना खिडकीतून व्हिडिओ काढत होता. त्याला तो दिवस फार आवडला. पण त्याने लिलाव बघितला नाही आणि तो परत आला नाही. चाळीस पायऱ्या चढून तो माझ्या माडीवर आला होता, तिथे त्याने भिंतीवरची तीन कॅलेंडरं बघून विचारलं, यातलं तुमच्या मार्केटचं कुठलं? मी चहा घ्या म्हटलं.

याच नांदुरीच्या बंदोबस्ताकडे बघा ना. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकच्या रस्त्यावर खासगी वाहनं सोडत नाहीत, जादा एसटी लावतात. कुणी कुरकुरत नाही. लाखो माणसं आपापला दिवस त्याप्रमाणे आखतात. याचं कारण ते ठरलेलं असतं आणि ठरल्याप्रमाणे होतं.

आणि कुंभाचं तर सांगायलाच नको. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २०२७ मध्ये २ ऑगस्टला, ३१ ऑगस्टला, नाशिकला तिसरं ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी १२ सप्टेंबरला. या तारखा यंदा जूनमध्येच जाहीर झाल्या, म्हणजे दोन वर्षांहून जास्त आधी. मी त्या पुढच्या चार्टसाठी टिपून ठेवल्या आहेत. तिसरं स्नान गणपतीत येतंय, म्हणजे इकडे कुंभ आणि तिकडे मुंबई-ठाण्यात मिरवणुका, त्या आठवड्यात न्हावा-शेवाकडे गाडी घालायचीच नाही असं मी आत्ताच आमच्या लोकांना सांगून टाकलंय. उन्हाळ कांदा तेव्हा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये असतो, तो चार दिवस थांबेल. साधू-महंत, तेरा आखाडे, पुरोहित संघ, रेल्वे, पोलीस, महानगरपालिका, एवढ्या सगळ्यांना एका टेबलावर बसवून जो जिल्हा २०२७ च्या सप्टेंबरची तारीख आज सांगू शकतो, त्या जिल्ह्यात पुढच्या गुरुवारी कांद्याचा लिलाव आहे की नाही हे बुधवारी रात्री कळावं?

बाजार समितीतल्या मंडळींशी हे बोलले की एकच उत्तर येतं. ताई, बंद काय ठरवून होतो का? थोडा होतो, सचिव साहेब. वर्षातले बहुतेक बंद हे दिवाळी, मार्चएंड, सण, अमावस्या, यात्रा आणि आठवड्याच्या सुट्टीचे असतात, त्यांची तारीख पंचांग काढणाऱ्याला वर्षभर आधी माहीत असते. मतदानाच्या दिवसाची सुट्टी निवडणूक जाहीर झाली की कळते. २०२४ मध्ये नाशिकने २० मे ला आणि २० नोव्हेंबरला अशी दोनदा मतदान केलं, दोन्ही तारखा बऱ्याच आधी माहीत होत्या. उरला तो संपाचा, भांडणाचा, निर्यात शुल्काच्या निषेधाचा किंवा कुणी मोठा माणूस गेल्याचा बंद. तो ठरवून होत नाही, मान्य. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तेव्हा जो संताप झाला तो काय दोन महिने आधी कळवून व्हायला हवा होता? पण शेवटच्या प्रकारचा बंद सांगता येत नाही म्हणून पहिल्या प्रकारचाही सांगायचा नाही, हे मला कळत नाही. दुबईचंच बघा. त्यांच्या यूएई सरकारने अख्ख्या देशाची आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर नेली, १ जानेवारी २०२२ पासून, आणि सांगितलं ७ डिसेंबरला. तीन-साडेतीन आठवडे मिळाले, आम्ही कागद फिरवून घेतले आणि निभावलं. देश हलवायला तीन आठवडे पुरतात, आपल्याला आवाराचं गेट लावायचंय.

यात सगळ्यांत जास्त मार शेतकरी खातो, हे मी शेवटी लिहितेय, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लाल कांद्याला चाळ मानवत नाही. आमच्या शेजारच्या अण्णांनी त्या बुधवारी मजूर लावून कांदा काढला, कापला, ट्रॉली भरून ताडपत्री घातली, सकाळी पाचला निघायचं म्हणून लवकर जेवून झोपले. ट्रॉली मंगळवारपर्यंत दारात उभी. ताडपत्री काढली तेव्हा वरच्या थरातून वाफ आली. आणि मंगळवारी आवक अशी तुटून पडली की रांग हायवेपर्यंत, भाव विचारायची सोय नाही. हाच कांदा दिवाळी पाडव्यानंतरच्या मुहूर्ताच्या लिलावाला नारळ फोडून, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं घालून घेतो आपण. मुहूर्त आधी काढतो, तसाच बंदही काढावा की.

माझं मागणं छोटं आहे. एक कागद, ए-फोर, मराठीत. त्यावर जिल्ह्यातली प्रत्येक बाजार समिती आणि तिचे उपबाजार, त्यांची आठवड्याची सुट्टी, अमावस्या पाळतात की नाही, सणांचे बंद, मार्चएंड या तारखेपासून या तारखेपर्यंत, दिवाळी या तारखेपासून या तारखेपर्यंत. खाली आपल्या तीन स्थानिक सुट्ट्या. उपनिबंधक साहेबांनी सगळ्यांकडून तो भरून घ्यावा आणि ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक गेटवर लावावा. जमल्यास एक गोष्ट आणखी: लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड, उमराणे, कळवण, सटाणा या सगळ्यांची दिवाळी एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपायला नको. आलटून-पालटून घ्या. निदान एक तरी बाजार उघडा राहील आणि उघडायच्या दिवशी सगळा जिल्हा एकाच रांगेत उभा राहणार नाही. अचानकचा बंद असेल तर दोन पूर्ण दिवसांची मुभा, म्हणजे काढलेला माल विकून होईल आणि न काढलेला शेतात राहील.

कुणाला वेळ नसेल तर कागद मी आखून देते. चार्टपेपर, पट्टी, स्केचपेनं सगळं माझ्याकडे आहे. पैसे नकोत. समित्यांनी फक्त तारखा द्याव्यात, आणि दिल्यावर पाळाव्यात.

येत्या वर्षातली पहिली पोया ३ जानेवारीला आहे, शनिवारी. त्या दिवशी कोलंबोचं ऑफिस बंद असेल, सोमवारी ५ तारखेला सकाळी उघडेल. तोवर कागद हाती आला, तर मी तो इंग्रजीत करून सोमवारीच त्या सभ्य माणसाला पाठवते. त्याने त्याच्या पोयांची यादी मला नोव्हेंबरातच पाठवली आहे.

कळावे,
आपली,
पिंपळगावच्या माडीवरची कागदपत्रंवाली
डिसेंबर २०२५